फिदीफिदी: नाकातून निसटणारं हसू

खुदकन हसतं ते तान्हं मूल. खो खो हसणाऱ्याला आजूबाजूचं भान नसतं. खसखस पिकते ती सगळ्यांची मिळून. ‘फिदीफिदी’ची गोष्ट मात्र वेगळी. ‘मी काल फिदीफिदी हसलो’ असं कुणी स्वतःबद्दल सहसा सांगत नाही. हा शब्द दुसऱ्याच्या हसण्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि तो वापरणारा बहुधा चिडलेला असतो: ‘फिदीफिदी हसायला काय झालं?’

या शब्दात दोन गोष्टी एकत्र नांदतात. हसू अर्धवट दाबलेलं आहे, आणि ते कुणाची तरी टर उडवणारं आहे. खरं तर या दोन गोष्टींनी एकत्र असायला हवं असं काही नाही. दाबलेलं हसू अगदी निरागस असू शकतं, आणि कुचेष्टा मोठमोठ्याने हसूनही करता येते. तरी कानाला या दोन्हींची जोडी ओळखीची वाटते. का वाटते, याचं बरंचसं उत्तर नाकात सापडतं.

हसणं ही मुळात श्वासाची करामत आहे. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू उबळीसारखे पुन्हा पुन्हा आकसतात, फुप्फुसातली हवा हिसक्याहिसक्याने बाहेर पडते आणि वाटेत स्वरतंतू कंप पावले की ‘हा-हा’ ऐकू येतो. अमेरिकन संशोधक रॉबर्ट प्रोव्हाईन यांनी या ‘हा’चं मोजमाप केलं. एक ‘हा’ साधारण 75 मिलिसेकंद टिकतो आणि एकाच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत सुमारे 210 मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच.

हसू दाबायचं ठरवलं की आपण काय करतो? ओठ मिटतो, दात आवळतो, घसा घट्ट करतो. पण बरगड्यांचं आकसणं आपल्या हुकमाने थांबत नाही. हवा ढकलली जातच राहते. तोंडाची वाट बंद, म्हणून ती टाळूमागून नाकात शिरते आणि ‘फिस्स’ करून निसटते. आवाज दाबला तरी खांदे हलत राहतात ते याचमुळे. मागच्या बाकावरचा विद्यार्थी शिक्षकांना पाठीकडूनही ओळखू येतो.

हुकूम का चालत नाही, यालाही कारण आहे. मेंदूतून हसण्याकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. एक इच्छेची: मेंदूच्या पुढच्या भागातल्या, हालचाली ठरवणाऱ्या केंद्रांतून निघणारी. फोटोसाठी हसतो ते या वाटेने. दुसरी भावनेची: अमिग्डला, हायपोथॅलॅमस अशा खोलवरच्या भागांतून मेंदूच्या देठाकडे येणारी. या वाटा खरोखरच वेगळ्या आहेत हे काही रुग्णांत स्पष्ट दिसतं. पक्षाघातानंतर एखाद्याला ‘हसून दाखवा’ म्हटलं तर चेहऱ्याची एकच बाजू हलते, पण विनोद ऐकताच दोन्ही बाजू छान फुलतात. काहींच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. दाबलेलं हसू म्हणजे या दोन वाटांमधली ओढाताण. खालून उबळ येतेय, वरून लगाम खेचला जातोय.

ही ओढाताण फुकट होत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्त्रियांना चित्रफिती दाखवल्या आणि त्यातल्या काहींना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं सांगितलं. विनोदी फीत पाहताना हसू लपवणाऱ्यांच्या हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर अनुकंपी चेतासंस्थेचा, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या यंत्रणेचा, जोर वाढलेला दिसला. वरून शांत, आत धावपळ.

देहाचं हे चित्र फार पूर्वी एकाने टिपून ठेवलंय. नाट्यशास्त्रात भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम पात्रांचे, शेवटचे दोन अधमांचे. ही उतरंड आज कुणाला पटणार नाही, पण नटांसाठी लिहिलेला ग्रंथ असल्याने वर्णन देहाचं आहे आणि ते अचूक आहे. उपहसितात नाक फुललेलं, नजर वाकडी, खांदे आणि डोकं आखडलेलं. भरत इथे कुणाची चेष्टा करण्याविषयी बोलत नाही. तरी मराठीत ‘उपहास’ म्हटलं की आपल्याला कुत्सितपणाच आठवतो, आणि वर्णनातला माणूस तर समोर उभा राहतो.

आता कानाकडे वळू. 2001 साली जो-अ‍ॅन बाखोरोव्स्की आणि मायकेल ओरेन यांनी हसण्याचे ध्वनिमुद्रित नमुने लोकांना ऐकवले. काही हसण्यांत स्वरतंतूंचा कंप होता, गाण्यासारखा चढउतार होता. काही हसणी निव्वळ हवेची होती: नाकातून आलेला फुत्कार, घशातली घुरघुर. हसणारा किती मनमिळाऊ वाटतो, त्याला भेटावंसं वाटतं का, अशा प्रश्नांवर सुरेल हसण्यांनी सहज बाजी मारली.

हे निष्कर्ष मला शरीराच्या यंत्रणेशी जोडावेसे वाटतात. हसू दाबलं की सर्वात आधी गळतो तो स्वर, उरते हवा. आणि हवेचं हसू ऐकणाऱ्याला मुळातच कमी आवडतं. म्हणजे हसणाऱ्याच्या मनात काहीही असो, दाबण्याच्या क्रियेतच त्या हसण्यातला आपलेपणा कमी होतो. हा अर्थात माझा तर्क, पण ‘फिसकन हसला’ म्हणताना ओठांतून जी हवा सुटते ती तरी त्याच्याच बाजूने साक्ष देते.

पण मग खरोखरच कुचेष्टा करणारा हसू दाबतो कशाला? उघड हसला तर भांडण ओढवतं, हे एक कारण. दुसरं जास्त रंजक आहे. हसणं मुळात सोबतीचा व्यवहार आहे. प्रोव्हाईन यांच्या पाहणीत माणसं एकटी असताना हसण्यापेक्षा लोकांत असताना सुमारे 30 पट अधिक हसत होती. 2016 साली 24 समाजांतल्या 966 श्रोत्यांना दोन व्यक्तींच्या एकत्र हसण्याचे फक्त सेकंदाभराचे तुकडे ऐकवले, तर हे दोघे मित्र आहेत की अनोळखी, हे त्यांनी 61 टक्के वेळा बरोबर ओळखलं. नुसत्या अंदाजाने 50 टक्के जमलं असतं. तेव्हा दोघं मिळून हसली की ‘आम्ही एक आहोत’ ही बातमी भोवती पसरते. फिदीफिदी हसण्यात ही बातमी शेजाऱ्यापर्यंत पोचते, ज्याच्यावर हसतोय त्याच्यापर्यंत अर्धवट पोचते, आणि त्याने विचारलंच तर ‘छे, मी कुठे हसलो?’ म्हणायची सोय राहते. मला वाटतं, समोरच्याला सर्वात जास्त झोंबते ती ही सोय.

ज्याला झोंबतं त्याच्या डोक्यात काय चालतं, याचाही थोडा माग लागलाय. डायना सामाइटाट आणि सहकाऱ्यांनी नटांकडून आनंदाचं, गुदगुल्यांचं, टोमणा मारणारं अशी वेगवेगळी हसणी वठवून घेतली. ऐकणाऱ्यांना ती बऱ्यापैकी वेगळी ओळखता आली. पुढे मेंदूचं चित्रण केलं तेव्हा आनंदाच्या आणि टोमण्याच्या हसण्याने मेंदूच्या पुढच्या मध्यभागातला, दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधणारा भाग जास्त चाळवला. गुदगुल्यांच्या हसण्याने तो तेवढा चाळवला नाही. मागून कुणी फिसकन हसलं की ‘माझ्यावरच हसले का?’ हा प्रश्न डोक्यात घोळू लागतो, ते असं.

आणि तो अंदाज चुकतोही. स्टॅनली मिलग्रॅम यांचा येल विद्यापीठातला विजेच्या झटक्यांचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. दुसऱ्याला झटके देतोय असं समजून बटणं दाबणाऱ्या 40 पुरुषांपैकी 14 जण ऐन तणावात हसू लागले. 3 जणांना तर हसण्याचे आवरता न येणारे झटके आले. 1963 च्या लेखात मिलग्रॅम नोंदवतात की नंतर या लोकांनी आवर्जून सांगितलं, आपण क्रूर नाही, त्या हसण्यात मजा नव्हती. पलीकडून ऐकणाऱ्याला हे कसं कळणार?

काहींच्या बाबतीत तर प्रत्येकच हसणं फिदीफिदी होऊन बसतं. आपल्याला कुणी हसेल या भीतीला मानसशास्त्रात जिलोटोफोबिया हे नाव आहे. झुरिकच्या विलिबाल्ड रूख यांनी यावर बरंच काम केलंय. ही भीती जास्त असलेल्यांना मैत्रीतली चेष्टा आणि खरी कुचेष्टा यांत फारसा फरक जाणवत नाही. दोन्हींनी सारखीच लाज आणि भीती वाटते. याच संशोधकांनी उलट्या स्वभावाचीही मोजदाद केली: दुसऱ्याला हसण्यात मजा घेणारे, आणि लोक आपल्याला हसले की त्यातच मजा घेणारे. हे दोन गट एकमेकांच्या विरुद्ध टोकांना असतील असं वाटेल. पण काही माणसांत दोन्ही स्वभाव एकत्रच सापडले.