फाईल आहे कुठे? रिमोट डेस्कटॉपवर फाईल नेण्या-आणण्याविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"काल सेव्ह केलेली फाईल आज दिसत नाही." असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ती फाईल तुम्ही कुठल्या डेस्कटॉपवर ठेवली होती? बहुतेक वेळा फाईल हरवलेली नसते. ती सर्व्हरवर सुखरूप असते आणि शोधाशोध मात्र घरच्या लॅपटॉपवर चाललेली असते.

रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत तुम्हाला दिसते ते दुसऱ्या कॉम्प्युटरचे, म्हणजे सर्व्हरचे, चित्र. तिथे 'डाउनलोड्स'मध्ये उतरवलेली किंवा 'डॉक्युमेंट्स'मध्ये सेव्ह केलेली फाईल तिकडेच राहते, तुम्ही मुद्दाम आणेपर्यंत इकडे येत नाही. दोन्हीकडे विंडोज असले की फसगत हमखास होते. म्हणून आम्ही नव्या ग्राहकांच्या सर्व्हरवरच्या डेस्कटॉपला वेगळा रंग देतो. तुमच्याकडे तो नसेल तर सांगा, बदलून देऊ.

लहानसहान फाईलसाठी कॉपी-पेस्ट पुरते. इकडे कॉपी करा, रिमोटच्या खिडकीत जाऊन पेस्ट करा. उलट दिशेनेही तसेच. माउसने ओढून नेणे मात्र विंडोजच्या नेहमीच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये चालत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या: 'कॉपी' म्हटल्यावर फाईल निघत नाही, ती निघते 'पेस्ट' म्हटल्यावर. सर्व्हरवर कॉपी करून जोडणी बंद केली आणि मग लॅपटॉपवर पेस्ट करायला गेलात, तर हाती काही लागणार नाही. पेस्ट पूर्ण होईपर्यंत खिडकी उघडी ठेवा.

कॉपी-पेस्ट अचानक थांबले तर आधी हे करून पाहा. रिमोटच्या आत टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स'मध्ये 'आरडीपीक्लिप' नावाचा प्रोग्रॅम शोधा, तो बंद करा आणि 'रन न्यू टास्क'मध्ये तेच नाव इंग्रजी अक्षरांत सलग (rdpclip) लिहून पुन्हा सुरू करा. दोन्ही बाजूंच्या क्लिपबोर्डमधला (कॉपी केलेली गोष्ट पेस्ट होईपर्यंत राहते ती जागा) निरोप्या म्हणजे हा प्रोग्रॅम. तो अडकला की साधा मजकूरही पेस्ट होत नाही.

मोठ्या फाईलसाठी ड्राइव्ह जोडा

क्लिपबोर्डवरून 2 जीबीपेक्षा मोठी फाईल पाठवू नका. विंडोजच्या अनेक आवृत्त्यांत अशी कॉपी कसलाही संदेश न देता फसते, आणि काम झाले अशा समजुतीत आपण राहतो. मोठी फाईल किंवा भरलेला फोल्डर असेल तर आमचा सल्ला एकच: तुमच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह (सी, डी वगैरे) रिमोटच्या सत्राला, म्हणजे त्या वेळच्या जोडणीला, जोडून घ्या.

हे जोडणी करण्यापूर्वी करायचे असते. 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' उघडून 'शो ऑप्शन्स', तिथे 'लोकल रिसोर्सेस', खाली 'मोअर', आणि मग 'ड्राइव्ह्ज'समोरचे चिन्ह उघडून हव्या त्या ड्राइव्हवर खूण करा. पेन ड्राइव्ह नंतर लावणार असाल तर त्यासाठी त्याच यादीत वेगळी ओळ आहे. सर्व्हरवर पोहोचलात की 'धिस पीसी'मध्ये तुमचा ड्राइव्ह तुमच्या कॉम्प्युटरच्या नावासह दिसेल. दिसला नाही तर वरच्या पत्त्याच्या पट्टीत \\टीएसक्लायंट\डी असे इंग्रजी अक्षरांत (\\tsclient\d) लिहा. शेवटचे अक्षर तुमच्या ड्राइव्हचे.

सगळ्याच ड्राइव्हवर सरसकट खुणा करू नका, ही आमची कळकळीची विनंती. खूण केलेला ड्राइव्ह त्या सत्रापुरता सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमना वाचता येतो आणि त्यावर लिहिताही येते. सर्व्हरवर एखादा घातक प्रोग्रॅम शिरला तर त्याला तुमच्या लॅपटॉपचे दार उघडे मिळते. आम्ही काळजी घेतोच, तरी अनोळखी कॉम्प्युटरला जोडताना तर एकही खूण नको. मॅकवरचे 'विंडोज अ‍ॅप', म्हणजे 2024 पर्यंतचे 'मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप', ठरावीक फोल्डर निवडू देते. देवाणघेवाणीसाठी एक वेगळा फोल्डर करून तेवढाच जोडावा.

काही कार्यालयांच्या सूचनेवरून आम्ही ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड दोन्ही बंद ठेवलेले असतात. तिथे खूण करूनही ड्राइव्ह दिसणार नाही. तो बिघाड नव्हे. परवानगी तुमच्या कार्यालयाकडून यायला हवी.

जोडलेल्या ड्राइव्हवरची फाईल सर्व्हरवरच्या प्रोग्रॅममध्ये थेट उघडून काम करत बसू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तर मुळीच नको. इंटरनेट क्षणभर गेले तरी अर्धवट लिहिलेली फाईल खराब होते. आधी सर्व्हरवर कॉपी करा, तिथे काम करा, मग परत आणा. आणि 'कट' कधीच नको, नेहमी 'कॉपी'. मूळ फाईल जागेवर असली की मधे काहीही झाले तरी पुन्हा पाठवता येते.

वेळ किती लागेल?

सर्व्हरकडे पाठवताना तुमचा अपलोडचा वेग कामाला येतो, आणि अनेक जोडण्यांत तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. 10 एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) अपलोडवर 1 जीबीची फाईल जायला सुमारे तेरा-चौदा मिनिटे लागतात, तीही वेग सलग टिकला तर. हजारो बारीक फाईल असतील तर आधी त्यांची एक झिप करा, कारण प्रत्येक फाईलमागे दोन्ही कॉम्प्युटरची वेगळी बोलणी होतात आणि वेळ त्यातच जातो. फोटो झिप करून फारसे लहान होत नाहीत, तरी एकच फाईल झाल्याचा फायदा मिळतोच. इंटरनेट वारंवार तुटत असेल तर विंडोजमधली 'रोबोकॉपी' ही आज्ञा अर्धवट राहिलेली फाईल तिथूनच पुढे नेऊ शकते. तिची तयार बॅच फाईल आम्ही करून देतो, तुम्ही फक्त दोन वेळा क्लिक करायचे.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फाईलवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा. 'साइझ'समोरचा बाइटमधला आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. त्याखालचा 'साइझ ऑन डिस्क' वेगळा असू शकतो, तो सोडून द्या. आकडा जुळला तरी महत्त्वाची फाईल एकदा उघडून बघाच.

एवढे करूनही अडले तर फोन करताना तीन गोष्टी सांगा: फाईल कुठून कुठे चालली होती, तिचा आकार किती, आणि पडद्यावर नेमका काय संदेश आला. संदेशाचा फोटो काढून पाठवलात तर फारच उत्तम. आमचे उत्तर येईपर्यंत मूळ फाईल आणि अर्धवट गेलेली फाईल, दोन्ही पुसू नका.