रेंज गेली तरी जीपीएस चालतो

‘ताम्हिणीत रेंज जाते, मग सायकलचा जीपीएस काय कामाचा?’ हे अजूनही ऐकू येतं. अहो, त्याला सिमकार्ड लागतच नाही! सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळ आणि स्वतःची जागा सतत सांगत असतात. यंत्र ते नुसतं ऐकतं आणि हिशोब करतं. उंच कड्याखाली यंत्राने दाखवलेली जागा थोडी सरकते, इतकंच.

इंटरनेट लागतं ते घरी, रूट आखताना. आखलेल्या रूटची जीपीएक्स फाइल उतरवा, गार्मिन एज (सायकलवर लावायचं जीपीएस यंत्र) केबलने कॉम्प्युटरला जोडा, फाइल त्यातल्या ‘न्यूफाइल्स’ फोल्डरमध्ये टाका. झालं. दरडीमुळे रस्ता बंद असेल, तर मात्र नकाशा नसलेलं साधं मॉडेल तीच रेघ दाखवत बसेल. रेंज गेल्यावर बंद पडतं ते घरच्यांना दिसणारं लाइव्ह ट्रॅकिंग, कारण ते फोनच्या डेटावर चालतं. तेवढं निघतानाच सांगून ठेवा.