सीमाशुल्क संघ आणि एकल बाजारपेठ : ब्रेक्झिटच्या एका वादातले दोन प्रश्न

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांपुढे ठेवलेल्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता : युनायटेड किंग्डमने युरोपीय महासंघाचे सदस्य राहावे की महासंघातून बाहेर पडावे? बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. त्या मतपत्रिकेवर सीमाशुल्क संघाचा उल्लेख नव्हता आणि एकल बाजारपेठेचाही नव्हता. पुढची काही वर्षे संसदेत, वृत्तपत्रांत आणि घरोघरी जे भांडण चालले, त्याचा मोठा भाग मात्र या दोन गोष्टींभोवतीच फिरत राहिला. त्यात गोंधळ असा की एकीचे फायदे दुसरीच्या नावावर सर्रास सांगितले जात, आणि एकीतून बाहेर पडण्याची किंमत दुसरीच्या खात्यावर मांडली जाई. महासंघाच्या सदस्य देशाला दोन्ही गोष्टी एकत्रच मिळत असल्यामुळे त्या वेगळ्या करून पाहण्याची गरज त्याआधी सामान्य नागरिकाला कधी पडलीच नव्हती.

सीमाशुल्क संघाचा संबंध मालाशी, आणि मुख्यतः मालावरच्या शुल्काशी आहे. १९५७ च्या रोम करारात सहा देशांनी तो उभारायचे ठरवले आणि १ जुलै १९६८ रोजी तो पूर्ण झाला. सदस्य देशांनी एकमेकांच्या मालावर शुल्क लावायचे नाही, हा त्याचा सर्वांना ठाऊक असलेला अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे : बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांनी एकसारखेच शुल्क लावायचे. बाहेरच्या देशातली मोटारगाडी रॉटरडॅमला उतरो वा हॅम्बर्गला, सवलतीचा करार नसेल तर तिच्यावर १० टक्केच शुल्क बसते, आणि ते एकदा भरले की ती गाडी महासंघात कुठेही पुन्हा शुल्क न भरता जाऊ शकते. बाहेरची भिंत सगळीकडे सारख्याच उंचीची असल्यामुळे आतल्या सीमेवर ‘हा माल मुळात कुठला?’ असे विचारावे लागत नाही. याची किंमत अशी की कोणत्याही सदस्याला तिसऱ्या देशाशी शुल्कसवलतीचा स्वतंत्र करार करता येत नाही. सर्वांच्या वतीने वाटाघाटी महासंघाच्या मुख्यालयातून, म्हणजे ब्रुसेल्समधून होतात.

मुक्त व्यापार करार ही तिसरीच गोष्ट आहे, आणि सीमाशुल्क संघ म्हणजे तोच, असे मानणारेही कमी नाहीत. अशा करारात दोन देश एकमेकांच्या मालावरचे शुल्क काढतात, पण बाहेरच्यांसाठी प्रत्येकाचे दर वेगळे राहतात. त्यामुळे माल खरोखरच करारातल्या देशात तयार झाला आहे की बाहेरून आणून नुसता पुढे पाठवला आहे, हे सिद्ध करणारे मूळस्थानाचे नियम येतात. ब्रिटन आणि महासंघ यांच्यात २४ डिसेंबर २०२० रोजी ठरलेला करार याच जातीचा आहे. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीची ‘पर्सी पिग’ नावाची मिठाई जर्मनीत तयार होते. ती ब्रिटनमध्ये आणून तिथून आयर्लंडमधल्या दुकानांत पाठवताना, शुल्क शून्यावर आणणारा करार असूनही, शुल्काचा प्रश्न उभा राहिला, हे जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितले. ब्रिटनमध्ये काहीही प्रक्रिया न होता पुढे जाणारी मिठाई या करारापुरती ब्रिटिश ठरत नव्हती, आणि महासंघातून एकदा बाहेर पडल्यावर तिचे युरोपीयपणही उरले नव्हते.

एकल बाजारपेठ सुरू होते ती शुल्क संपल्यानंतर. शुल्क नसले तरी माल अडवता येतो, आणि देश तो मोठ्या कल्पकतेने अडवतात. फळांच्या मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल असलेच पाहिजे, असा पश्चिम जर्मनीचा कायदा होता; ‘कासिस द दिजाँ’ या फ्रेंच मद्यात ते कमी असल्यामुळे त्याच्या विक्रीला जर्मनीने मनाई केली. एका सदस्य देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल दुसऱ्याने सबळ कारणाशिवाय अडवू नये, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १९७९ मध्ये दिला. या तत्त्वाला कायद्यांची जोड देण्याची योजना १९८५ मध्ये मांडली ती लॉर्ड कॉकफील्ड या युरोपीय आयोगातल्या ब्रिटिश आयुक्तांनी. जवळजवळ ३०० उपाय असलेल्या त्या योजनेतून १ जानेवारी १९९३ पासून एकल बाजारपेठ अस्तित्वात आली. माल, सेवा, भांडवल आणि माणसे या चौघांनाही तिच्यात मोकळा संचार आहे. त्याबदल्यात सदस्यांना समान नियम पाळावे लागतात, त्या नियमांच्या अर्थाबाबत युरोपीय न्यायालयाचा शब्द अखेरचा मानावा लागतो, आणि दुसऱ्या सदस्य देशाच्या नागरिकाला आपल्याकडे येऊन काम करण्यापासून रोखता येत नाही.

ब्रिटनमध्ये या बाजारपेठेचा सर्वांत जोरकस पुरस्कार मार्गारेट थॅचर यांनी केला होता, आणि १९८८ मध्ये तिच्या प्रचारमोहिमेचा आरंभ त्यांनी लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये केला. त्यांच्याच हुजूर पक्षाच्या पंतप्रधान तेरेसा मे यांनी १७ जानेवारी २०१७ रोजी त्याच वास्तूतून ब्रिटन एकल बाजारपेठेत राहणार नाही असे जाहीर केले. योगायोग असला तरी पक्षाने तीस वर्षांत केलेल्या प्रवासाचे हे इतके नेमके चित्र मुद्दाम ठरवून काढता आले नसते.

शुल्काची बाजू आणि नियमांची बाजू यांतला फरक महाराष्ट्राला एकदा चांगलाच जाणवला होता. १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, युरोपीय महासंघाने भारतीय आंब्यावर आणि त्याबरोबर वांगी, अळू, कारली व पडवळ यांच्यावर बंदी घातली, कारण आदल्या वर्षीच्या खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. हापूसचे मोठे गिऱ्हाईक लंडन आणि लेस्टरमध्ये होते. तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि काही खासदारांनी निषेध केला. पण वनस्पतींच्या आरोग्याचे नियम संपूर्ण महासंघासाठी ठरत असल्यामुळे ब्रिटिश सरकारला ती बंदी एकट्याने उठवता येईना. इथे आयातशुल्काचा काडीचाही संबंध नव्हता आणि ते शून्यावर आणले असते तरी पेटी विमानतळावरून पुढे सरकली नसती. २०१५ च्या सुरुवातीला, भारताने तपासणी सुधारल्यावर, महासंघाच्या समितीनेच आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय घेतला.

या दोन व्यवस्था खरोखरच सुट्या करता येतात का, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तरादाखल नॉर्वे आणि तुर्कस्तान दाखवता येतात. नॉर्वे १९९४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारामुळे एकल बाजारपेठेत आहे, पण सीमाशुल्क संघात नाही. त्याचे नागरिक स्टॉकहोमला किंवा माद्रिदला जाऊन कामाचा परवाना न काढता नोकरी करू शकतात, मात्र स्वीडनहून स्विनेसुंदच्या सीमेवर येणाऱ्या मालमोटारीला सीमाशुल्काची कागदपत्रे दाखवावी लागतात. शेतीमाल आणि मासळी हे विषय बऱ्याच अंशी त्या कराराबाहेर आहेत, आणि ज्या नियमांवर मत देता येत नाही ते नॉर्वे पाळतो, शिवाय पैसेही भरतो. तुर्कस्तानचे याच्या अगदी उलट आहे. १९९५ च्या अखेरपासून औद्योगिक मालापुरता त्याचा महासंघाशी सीमाशुल्क संघ आहे, पण सेवा आणि माणसे यांचा मुक्त संचार नाही. बल्गेरियाच्या सीमेवरच्या कापिकुले नाक्यावर मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागतात, कारण मालावर शुल्क नसले तरी वाहतुकीचे परवाने मोजकेच असतात. तुर्कस्तानची आणखी एक तक्रार मला सर्वांत बोलकी वाटते : महासंघाने मेक्सिकोसारख्या देशाशी करार केला की त्या देशाच्या मालासाठी तुर्कस्तानलाही आपले शुल्क त्यानुसार खाली आणावे लागते, त्या देशावर मात्र तुर्की मालाला तशीच सवलत देण्याचे बंधन नसते.

दोन्ही उदाहरणांत सीमा शिल्लक आहे, हे ‘सीमाशुल्क संघात राहिलो की सीमेवर अडथळा उरणार नाही’ असे २०१८-१९ मध्ये सांगणाऱ्यांच्या लक्षात आले नव्हते, की लक्षात घ्यायचे नव्हते, हे सांगणे कठीण आहे. महामार्गावरचा जकातनाका उठला म्हणून अन्न आणि औषध प्रशासनाचा निरीक्षक घरी बसत नाही, तसेच हे आहे. आपल्याकडे दोन्ही कामे वेगळी खाती करतात म्हणून फरक लगेच कळतो. युरोपीय महासंघात दोन्ही तपासण्या एकाच वेळी नाहीशा झाल्या होत्या.

बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत निदान दोन निराळे गट होते, आणि वादाची गुंतागुंत तिथूनच आली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, भारत अशा देशांशी ब्रिटनने स्वतः करार करावेत असे ज्यांना वाटे, त्यांचा खरा अडसर सीमाशुल्क संघ होता. युरोपातून कामासाठी येणाऱ्या माणसांची संख्या आपल्या संसदेने ठरवावी असे ज्यांना वाटे, त्यांचा अडसर एकल बाजारपेठ होता. मे यांनी दोघांनाही राखण्यासाठी दोन्हींतून बाहेर पडायचे ठरवले. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कॉव्हेंट्रीच्या भाषणात नव्या कायमस्वरूपी सीमाशुल्क संघाची मागणी केली. ती राजकीयदृष्ट्या सोयीची होती, कारण तिच्यात स्थलांतराचा प्रश्न येत नव्हता. आणि त्याच कारणाने ती अपुरीही होती, कारण सेवा हा ब्रिटिश अर्थव्यवस्थेचा सर्वांत मोठा भाग सीमाशुल्क संघाच्या कक्षेत येतच नाही.

१ एप्रिल २०१९ रोजी हाऊस ऑफ कॉमन्सने सूचक, म्हणजे सरकारवर बंधनकारक नसलेले, मतदान घेतले. हुजूर पक्षाचे खासदार केनेथ क्लार्क यांचा सीमाशुल्क संघाचा ठराव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडला. एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्काची व्यवस्था दोन्ही राखू पाहणारा निक बोल्स यांचा ठराव २६१ विरुद्ध २८२ मतांनी पडला आणि बोल्स यांनी सभागृहातच हुजूर पक्ष सोडत असल्याचे सांगितले. माझ्या मते त्या रात्रीची खरी उणीव मतांच्या फरकात नव्हती. क्लार्क यांचा ठराव संमत झाला असता तरी आयर्लंडचा प्रश्न अर्धाच सुटला असता.

आयर्लंड बेटावर ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि महासंघात राहिलेले आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा १९९८ च्या गुड फ्रायडे या शांतता करारानंतर जवळजवळ अदृश्य झाली होती, आणि तिथे चौक्या पुन्हा उभ्या करायला कोणी तयार नव्हते. ती सीमा मोकळी ठेवायची तर शुल्कही नको आणि अन्नाची, जनावरांची, मालाच्या मानकांची तपासणीही नको. म्हणून शेवटी कायद्याच्या दृष्टीने उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या सीमाशुल्क प्रदेशात ठेवले गेले, पण मालाबाबत तिथे महासंघाच्या एकल बाजारपेठेचे नियम आणि त्याची सीमाशुल्क संहिताही लागू राहिली. परिणामी तपासणी आयरिश समुद्रावर गेली, आणि एकाच देशाच्या दोन भागांत सीमा आली म्हणून युनियनवादी, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावे असे मानणारे, संतापले. ब्रिटन आणि महासंघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर आराखड्याने उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी आणि पुढे आयर्लंड प्रजासत्ताकात जाऊ शकणाऱ्या मालाला लाल मार्गिका दिली. वाद सौम्य झाला, पण मिटलेला नाही.

ब्रेक्झिटनंतरच्या कुरबुरींपैकी कोणती कशामुळे, हे आता बऱ्यापैकी स्पष्टपणे सांगता येते. पर्सी पिगची अडचण सीमाशुल्क संघ सोडल्याची होती. डच बंदरावर ब्रिटिश चालकाच्या डब्यातले हॅमचे सँडविच जप्त झाले, थंड ठेवलेले ताजे सॉसेज महासंघात पाठवता येईना, ब्रिटिश वास्तुविशारदाची पात्रता पॅरिसमध्ये आपोआप मान्य होईना, हे सारे एकल बाजारपेठ सोडल्यामुळे झाले.

मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात दोन्हींत परतणार नाही असे लिहून ठेवले. लिबरल डेमोक्रॅट मात्र नवा सीमाशुल्क संघ मागत आहेत. या मागणीचा भारताशी थेट संबंध आहे. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत–ब्रिटन करारानुसार व्हिस्कीवरचे भारतीय शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचे आहे, आणि भारताच्या बहुतेक मालाला ब्रिटनमध्ये शुल्कमाफी मिळायची आहे. ब्रिटन महासंघाच्या सीमाशुल्क संघात परतला तर स्वतः ठरवलेले हे दर त्याला तसेच ठेवता येणार नाहीत. एकल बाजारपेठेत परतला तर असा अडथळा येत नाही. तिच्यात असलेल्या नॉर्वेने आइसलँड, लिश्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंड यांच्याबरोबर मार्च २०२४ मध्ये भारताशी स्वतंत्र करार केलाच आहे. दरम्यान, अन्न, प्राणी आणि वनस्पती यांच्या आरोग्याबाबत ब्रिटनने महासंघाचे बदलते नियम पाळत राहावेत, असे मे २०२५ मध्ये लंडनच्या शिखर परिषदेत तत्त्वतः ठरले. ते पूर्णपणे अमलात आले, तर नाशिकहून लंडनला द्राक्षे पाठवणाऱ्याला शुल्काचा दर दिल्ली आणि लंडनच्या करारात शोधावा लागेल, पण कीटकनाशकाचा अंश किती चालेल, हे पूर्वीसारखेच ब्रुसेल्समध्ये ठरेल.