एलएसटी-३२५

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेली रणगाडावाहू नौका (एलएसटी म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’). पुढे ती ‘सिरॉस’ (एल-१४४) या नावाने ग्रीक नौदलात होती. फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत २७ ऑक्टोबर १९४२ रोजी तिचे जलावतरण झाले. १ फेब्रुवारी १९४३ पासून ती सेवेत आली.

बंदर ताब्यात नसताना शत्रूच्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवायचे कसे, या अडचणीतून या जातीच्या नौका जन्मल्या. लांबी सुमारे १०० मीटर, तळ सपाट. भर समुद्रात पोटातल्या टाक्यांत पाणी भरून नौका खोल बसे. किनारा जवळ आला की ते पाणी उपसून ती हलकी होई आणि सरळ वाळूवर चढे. पुढची दोन दारे उघडून रॅम्प टेकला की रणगाडे थेट बाहेर पडत. किनाऱ्याला लागण्याआधीच मागच्या बाजूने एक नांगर टाकलेला असे. परतताना त्याचा दोर गुंडाळत नौका स्वतःला वाळूतून ओढून काढी. ही योजना फार हुशारीची होती. वेग मात्र जेमतेम ११-१२ नॉट, म्हणजे तासाला सुमारे २०-२२ किलोमीटर.

इटलीतील सिसिली आणि सालेर्नोच्या मोहिमांनंतर ७ जून १९४४ रोजी ही नौका फ्रान्समधील नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर पोचली. त्यानंतर तिने इंग्लिश खाडीत चाळीसहून अधिक फेऱ्या केल्या. जाताना वाहने आणि सैनिक, येताना अनेकदा जखमी. २८ डिसेंबर १९४४ रोजी बुडणाऱ्या ‘एम्पायर जॅव्हेलिन’ या सैन्यवाहू जहाजावरील सुमारे ७०० जणांना तिने वाचवले. तिच्या युद्धकाळातली ही कामगिरी सर्वांत मोठी मानावी लागेल.

१९४६ मध्ये ती निवृत्त झाली. १९५० च्या दशकात उत्तर ध्रुवाकडील रडार केंद्रांच्या उभारणीसाठी तिला पुन्हा कामाला लावले गेले. १९६४ मध्ये ती ग्रीसला मिळाली आणि १९९९ पर्यंत तिथे राबली. युद्धकाळात अशा हजारावर नौका बांधल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक भंगारात निघाल्या. ही टिकली, याचे श्रेय ग्रीक नौदलालाच द्यायला हवे.

२००० साली अमेरिकेतील माजी नौसैनिकांच्या एका संस्थेने ती परत मिळवली. कॅप्टन रॉबर्ट जॉर्नलिन यांच्या हाताखाली, सरासरी बहात्तरीच्या खलाशांनी क्रीटहून निघून जिब्राल्टरमार्गे अटलांटिक ओलांडला आणि १० जानेवारी २००१ रोजी नौका अलाबामातील मोबाईल बंदराला लावली. २००५ पासून ती इंडियाना राज्यातील एव्हान्सव्हिल येथे संग्रहालय म्हणून आहे. युद्धकाळात या शहराच्या गोदीत याच जातीच्या १६७ नौका बांधल्या गेल्या होत्या.