अख्खं डांगर घरात आलं कुठून

मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात आता डांगर, म्हणजे लाल भोपळा, बहुधा फोडींनी विकलं जातं. पावशेर, अर्धा किलो, पिशवीत टाकलं की झालं. अख्खं फळ घरी आणायचं, महिनामहिना ठेवायचं आणि मग एके दिवशी फोडायचं, ही रीत जुनी आहे. हे फळ मात्र मुळात बाहेरून आलेलं.

लाल भोपळा, काशीफळ, गंगाफळ, जिल्हा बदलेल तसं नाव काहीही घ्या, हे फळ मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या एका गुहेत याच कुळातल्या, माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या. त्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या आहेत. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला, पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, आणि पुढच्या समुद्री व्यापारातून मिरची, शेंगदाणा, बटाटा, रताळं यांच्यासारखंच डांगरही आपल्याकडे रुजलं. एकादशीचं ताट एकदा या नजरेने पाहावं: साबुदाणा, शेंगदाणे, रताळं, बटाटा, हिरवी मिरची आणि तुपात परतलेलं डांगर. सगळा उपवास अमेरिकेच्या जिवावर!

आपल्याकडचा जुना भोपळा वेगळाच. दुधी आणि वीणेचा भोपळा एकाच जातीचे. वाळून पोकळ झालेलं ते फळ पाठीला बांधून विहिरीत पोरं पोहायला शिकायची. पैठण, आपेगाव, नरसी या संतांच्या गावांत भजनाची वीणा घुमली ती याच भोपळ्यावर. निजामी राज्यातल्या दखनी स्वयंपाकानेही त्याचा मान ठेवला. छत्रपती संभाजीनगर, नांदेडकडे लग्नाच्या जेवणात येणारा दालचा घ्या किंवा ‘कद्दू की खीर’, दोन्हींत दुधीच असतो.

दुसरा जुना रहिवासी कोहळा. बळीऐवजी कोहळा फोडण्याची प्रथा सगळ्यांना माहीत आहे. अख्खं डांगर बाईने पहिल्यांदा फोडू नये, आधी पुरुषाने सुरी लावावी, हा घरोघरचा दंडक त्या प्रथेतूनच लाल भोपळ्याकडे सरकला असावा असं मला वाटतं. एरवी समुद्रापलीकडून आलेल्या फळाला बळीचे नियम कशाला लागतील? पाळण्यासारखं त्यात काही दिसत नाही. खरी अडचण सालीची आहे. फळाखाली ओलं पोतं घालावं म्हणजे ते घरंगळत नाही, देठाला लागून सुरी खुपसावी आणि तिच्या पाठीवर बत्त्याचे हलके ठोके द्यावेत. चीर पडली की पुढचं काम कुणीही करतं.

हे नवं फळ इथे इतकं मुरलं ते मुख्यतः हवामानामुळे. वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी पाऊस, त्यामुळे उन्हाळ्यात हिरव्या भाजीची कायम ओढ. डांगराचा वेल जूनच्या पावसावर उकिरड्याकडेला किंवा परसात लावला की कूड चढून माळवदावर पसरतो. त्याला नांगर लागत नाही, वेगळं वावरही लागत नाही. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही अशा ऋषिपंचमीच्या भाजीत म्हणूनच ते सहज बसलं. तीन-चार महिन्यांत फळं तयार होतात, म्हणजे पितृपक्षाच्या सुमारास, आणि पानावर डांगराची भाजी येते.

खरी करामत पुढची. फळ पूर्ण पिकून साल नखाने ओरखडेनाशी झाली की देठासकट तोडायचं. देठ मोडला की तिथूनच सड शिरते, म्हणून देठाला धरून फळ उचलायचं नाही. काही दिवस उन्हात ठेवून मग वारा लागेल अशा कोरड्या जागी, एकमेकांना टेकणार नाहीत असं मांडायचं. अशी फळं दोन-तीन महिने आरामात टिकतात, चांगल्या सालीची त्याहून जास्त. या मुदतीत आतल्या पिठूळ अंशाची साखर होत जाते. म्हणून भाद्रपदातलं फळ भाजीला बरं आणि संक्रांतीपर्यंत ठेवलेलं घाऱ्यांना, म्हणजे तळलेल्या गोड पुऱ्यांना.

घाऱ्यांत वरून पाणी घालायचं नसतं. किसलेलं डांगर स्वतःच्याच पाण्यात वाफवायचं, गरम असतानाच त्यात गूळ विरघळवायचा आणि मावेल तेवढीच कणीक त्यात मळायची. कुणी त्यात थोडं ज्वारीचं पीठही घालतं. फळात पाणी किती हे फळावर, त्यामुळे कणकेचं माप आधी सांगता येत नाही. पाककृतीत ‘दोन वाट्या कणीक’ असं ठामपणे लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. भाजीला मेथीदाण्याची फोडणी, चिंच, गूळ, शेंगदाण्याचं कूट. उरलेल्याचं दह्यातलं भरीत. बिया धुऊन वाळवल्या की पोरं सोलत बसतात.

फोडलेलं डांगर मात्र टिकत नाही, आणि पाच-सहा किलोचं फळ एका घरात दोन दिवसांत संपतही नाही. त्यामुळे डांगर फुटलं की फोडी भावकीत आणि शेजारी जायच्या. पुढच्या खेपेला त्यांच्याकडचं फळ फुटायचं. घरं लहान झाली, माळवदं जाऊन स्लॅब आले, तशी ही देवघेव आटली आणि फळ फोडायचं काम भाजीवाल्याकडे गेलं. आता दोन-तीन किलोची छोटी वाणंही मिळतात. अख्खं घ्यायचं तर तेवढंच घ्यावं: फोडल्यावर आतल्या बिया आणि त्यांभोवतीचा रेषाळ भाग लगेच खरवडून काढला, कापलेली बाजू झाकली आणि फ्रीजमध्ये ठेवलं, तर तीन-चार दिवस भाजी, घाऱ्या आणि भरीत असं पुरवून संपवता येतं.