सॅक्सोफोनचा दमसास : तीन मिनिटांच्या तबकडीपासून तीन तासांच्या अल्बमपर्यंत

'प्रॉमिसेस'ची सुरुवात सात सुरांच्या एका छोट्याशा तुकड्यानं होते. तो तुकडा परत येतो, पुन्हा येतो, आणि तो इतक्यात जाणार नाही हे लक्षात येईपर्यंत आपण त्याच्यावर विसावलेलो असतो. मग फॅरोह सँडर्सचा टेनर, म्हणजे खालच्या सुरांकडे झुकणारा, सॅक्सोफोन येतो. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर सुराइतकाच श्वासही कानाशी येतो. २०२१च्या मार्चमध्ये हा अल्बम निघाला तेव्हा सँडर्स ८० वर्षांचा होता. सोबत फ्लोटिंग पॉइंट्स या नावानं इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा सॅम शेफर्ड आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. भाग नऊ, पण रचना एकच, ४६ मिनिटांची. त्यात सँडर्सनं एकही सूर घाईनं लावलेला नाही.

एवढी उसंत या वाद्याला पूर्वी नव्हती. गेल्या दहा-बारा वर्षांतले सॅक्सोफोनचे जे अल्बम मी पुन्हापुन्हा काढून ऐकतो, ते एकमेकांसारखे अजिबात नाहीत. पण त्यातल्या बहुतेकांनी लांब पल्ला धरलेला आहे. सुटी गाणी नव्हेत, सलग एक मांडणी. ही सवय कुठून आली हे शोधायला गेलं की रेकॉर्डच्या लांबीपाशी जावं लागतं.

वाद्य मुळात लष्करी बँडसाठीचं. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं १८४६मध्ये पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. जॅझमध्ये त्याला खरा मान मिळवून दिला तो कोलमन हॉकिन्सनं. युरोपात पाच वर्षं काढून तो न्यूयॉर्कला परतला आणि ११ ऑक्टोबर १९३९ रोजी त्यानं 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केलं. मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दाखवली आणि सोडून दिली. पुढे ३२ बारच्या (बार म्हणजे तालाचा एक खंड) दोन आवर्तनांत नुसती बढत. सगळं मिळून तीन मिनिटं, कारण तबकडीत जागाच तेवढी. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायला नको. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे, आणि तीच १९७७मध्ये व्हॉयेजर यानावर चढली. अडचणीच्या जागेत काय काय मावतं याचे हे दोन पुरावे मला सारख्याच तोलाचे वाटतात.

१९४८मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी, आली. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली, पण त्यांचं करायचं काय हे कळायला काही वर्षं गेली. ७ जुलै १९५६ रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यातला टेनरवादक पॉल गोन्साल्विस उभा राहिला आणि त्यानं ब्लूजची २७ आवर्तनं एका दमात वाजवली. (आडनावावरून आपल्याला गोवा आठवतो, त्याचं घराणं केप व्हर्डेचं, पोर्तुगीज धागा मात्र तोच.) लोक खुर्च्यांवर चढले, नाचायला लागले. पण तो वाजवत होता भलत्याच मायक्रोफोनमध्ये, रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या नव्हे, शेजारच्या व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या. त्यामुळे त्या गाजलेल्या एलपीवर सॅक्सोफोन मागच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप वापरून १९९९मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा कुठे गोन्साल्विस समोर आला. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकून बघा. जुनीत गर्दीचा कल्लोळ आधी भिडतो, नवीत त्याच्या रीडची, म्हणजे मुखाशी कंप पावणाऱ्या पातळ पट्टीची, थरथर.

दोनच वर्षांनी सॉनी रोलिन्सनं 'फ्रीडम सूट' केली. पियानो नाही, फक्त बास आणि ड्रम, आणि एलपीची अख्खी एक बाजू एकाच रचनेला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाबद्दल चार ओळी त्यानं कव्हरवर स्वतः लिहिल्या होत्या. लांबी आणि आशय इथे पहिल्यांदा एकत्र आले असं मी मानतो. सांगायचं मोठं असेल तर जागाही मोठी लागते. हाच रोलिन्स १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात योग शिकायला मुंबईत आला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहून गेला. १९७८च्या पहिल्या जॅझ यात्रेत तो मुंबईकरांसमोर वाजवायला पुन्हा आला.

आणि मग जॉन कोल्ट्रेन. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीत इंगलवूड क्लिफ्सला ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत 'अ लव्ह सुप्रीम' झालं. पियानोवर मकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स. चार भाग, सुमारे ३३ मिनिटं. पहिल्या भागात बास चार सुरांची एक आकृती धरतो. कोल्ट्रेन तीच घेऊन बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतो, आणि शेवटी सॅक्सोफोन खाली ठेवून तीच गळ्यानं म्हणतो. पण ज्यासाठी मी हा अल्बम कुणाच्याही हातात ठेवीन तो चौथा भाग, 'साम' (इंग्रजी psalm, म्हणजे स्तोत्र). कव्हरच्या आत कोल्ट्रेनची एक प्रार्थना छापलेली आहे. तिच्यावर बोट ठेवून ऐकायला बसा. काही ओळींतच लक्षात येतं की तो सुरावट वाजवत नाही, ती प्रार्थना वाचतो आहे, अक्षरागणिक. देवाचे आभार मानणारी ओळ आली की सूर उतरत येऊन आधारावर टेकतो. पहिल्यांदा हे बोटाखाली घडलं तेव्हा मी सुई उचलून पुन्हा मागे नेली होती.

कोल्ट्रेनला भारतीय संगीताची ओढ होती, हे त्याच्या लांब पल्ल्यामागचं एक कारण. १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबात त्यानं 'इंडिया' नावाची रचना वाजवली. पंडित रविशंकरांना तो भेटला, मुलाचं नाव रवी ठेवलं. रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे. एका सुराभोवती तासभर रमता येतं हे कोल्ट्रेननं ऐकून ओळखलं होतं. १९६७मध्ये चाळिशीतच तो गेला. शेवटच्या दोन वर्षांत त्याच्या शेजारी उभा राहून वाजवणारा तरुण म्हणजे सँडर्स. त्यानं १९६९च्या 'कर्मा'मध्ये एकच रचना ३२ मिनिटांपर्यंत नेली. पुढे १९७१मध्ये कोल्ट्रेनची पत्नी अ‍ॅलिस हिच्या 'जर्नी इन सच्चिदानंद'मध्येही सॅक्सोफोन त्याचाच आहे. 'प्रॉमिसेस'मधली उसंत इतकी जुनी आहे.

मधली दोन-तीन दशकं मी भरभर ओलांडतो. चांगले अल्बम निघतच होते, पण हा धागा बारीक झाला होता. २०१५मध्ये लॉस एंजेलिसच्या कमासी वॉशिंग्टननं 'द एपिक' आणलं आणि तो एकदम जाड झाला. तीन सीडी, जवळजवळ तीन तास, वाद्यवृंद आणि गायकवृंदासकट. त्याचं सगळंच मला सारखं आवडत नाही. काही ठिकाणी गायकवृंद सॅक्सोफोनवर पांघरूण घालतो. पण त्यानं दाराची कडी काढली हे खरं. लंडनमध्ये नुबाया गार्सियानं २०२०च्या 'सोर्स'मध्ये तोच ऐसपैसपणा जमैकाच्या रेगे आणि कोलंबिया देशाच्या कुंबिया या तालांवर आणला. टेनर असून तिचा सूर कधी दडपत नाही.

या सगळ्यांत माझा जीव सर्वात जास्त गुंततो तो इमॅन्युएल विल्किन्समध्ये. फिलाडेल्फियाजवळ वाढलेला, १९९७चा जन्म, वाद्य आल्टो, म्हणजे टेनरहून चढ्या सुराचा सॅक्सोफोन. २०२२चा 'द सेव्हन्थ हँड' म्हणजे सात भागांची एक मालिका. बायबलमध्ये सहा हा आकडा माणसाच्या मर्यादेचा आणि सात देवाचा, ही त्यामागची कल्पना. पहिले सहा भाग लिहिलेले, बांधलेले. सातवा, 'लिफ्ट', २६ मिनिटांचा, तिथे त्याच्या ताफ्यातले चौघंही बांधणी सोडून देतात. पहिल्या ऐकण्यात तो मला जड गेला. आता मी आधीचे सहा ऐकल्याशिवाय तो लावतच नाही, कारण ती चढण चढून गेल्यावरच तिथली मोकळी हवा लागते.

शबाका हचिंग्ज हे लंडनच्या या पिढीचं मोठं नाव. २०२३मध्ये त्यानं सॅक्सोफोन बाजूला ठेवायचं ठरवलं. निरोपाच्या मैफलीला, डिसेंबरात हॅक्नी चर्चमध्ये, त्यानं वाजवायला निवडलं 'अ लव्ह सुप्रीम'. नंतर तो बासऱ्यांकडे वळला, जपानी शाकुहाचीकडे विशेष. २०२४मध्ये त्याचा नवा अल्बम आला. तो ध्वनिमुद्रित झाला इंगलवूड क्लिफ्सला, व्हॅन गेल्डरच्या त्याच स्टुडिओत. त्यातल्या एका रचनेचं नाव 'ब्रीदिंग' आहे, आणि तिथे साथीला राजना स्वामिनाथनचा मृदंगम आहे.