अंड्यांच्या ट्रेने आवाज अडत नाही
भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की शेजाऱ्यांना तबला ऐकू जात नाही, हा समज आमच्या सांगली-मिरजेत अजून घट्ट आहे. तो चुकीचा आहे. ट्रे म्हणजे कागदाचा हलका लगदा. त्याने खोलीतलं घुमणं जरासं कमी होतं, म्हणून आपल्याला फरक वाटतो. आवाज बाहेर जाऊ नये असं वाटत असेल तर वजनदार भिंत हवी, फटी बुजलेल्या हव्यात. शिवाय कागद चटकन पेट घेतो, हे वेगळंच.

विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये खरा त्रास तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचा होता. त्याची धमक, म्हणजे घुमणारा हादरा, स्लॅबमधून थेट खाली. खालच्या काकू म्हणाल्या, "उशीवर डोकं टेकलं की धुम् धुम् येतं हो." बैठकीखाली जाड रबरी मॅट, वर कापसाची गादी घातली, दाराखालची फट बुजवली. धमक बरीच उतरली. रात्री दहानंतर डग्गा झाकूनच ठेवते.